डोळ्याच्या कोपऱ्यातून आलेला शब्द : ‘डिकँट’ची पार्श्वभूमी

‘डिकँट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतणे’ एवढाच घेतला, तर त्याचा निम्मा आशय निसटतो. माठातले पाणी पेल्यात ओतणे म्हणजे मूळ अर्थाने डिकँट करणे नव्हे. द्रव काही काळ स्थिर ठेवायचा, त्यातला साका तळाशी बसू द्यायचा, मग भांडे सावकाश कलते करून वरचा निवळ भाग तेवढा काढून घ्यायचा आणि साका वर येण्याच्या आत हात थांबवायचा, ही सारी क्रिया या एका शब्दात सामावलेली होती. लोणी कढवल्यावर बेरी पातेल्यातच ठेवून वरचे तूप बरणीत ओतले जाते, तेव्हा नेमके हेच घडते. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात या क्रियापदाचा अर्थ देताना ‘हळुवारपणे’ आणि ‘कलते करून’ या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत, आणि त्या दोन्ही आवश्यक आहेत.

इंग्रजीत हा शब्द १६३० च्या दशकापासून आढळतो. तो फ्रेंचमधल्या ‘देकाँते’वरून आला आणि त्यामागे मध्ययुगीन लॅटिनमधले ‘देकांथारे’ हे क्रियापद आहे, असे कोशकार मानतात. त्यातला ‘दे’ हा उपसर्ग ‘पासून, दूर’ असा अर्थ देतो. ‘कांथुस’ म्हणजे भांड्याच्या काठाला ओतण्यासाठी काढलेला निमुळता कोन. हा ‘कांथुस’ ग्रीक ‘कांथोस’पर्यंत जातो, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे डोळ्याचा कोपरा. मराठी माणसाला भांड्याच्या त्या भागात पक्ष्याची चोच दिसली, इंग्रजांना ओठ दिसला, तर लॅटिन लिहिणाऱ्या कुणा किमयागाराला दोन कडा जिथे एकत्र येतात तो डोळ्याचा कोपरा दिसला. नेत्रतज्ज्ञ आजही पापण्यांच्या सांध्याला ‘कँथस’ म्हणतात. म्हणजे नेत्रतज्ज्ञांचा हा शब्द आणि मद्य ओतणाऱ्याचे क्रियापद मुळात एकाच घरचे आहेत.

अभिजात लॅटिनमध्ये मात्र ‘कांथुस’ म्हणजे गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव. पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याला तर तो शब्द परकाच वाटत होता. धावेवरून कडा, कडेवरून बाजू व कोपरा असा अर्थ सरकत गेला आणि इटालियन ‘कांतो’, त्यावरून प्रांताचा किंवा भूभागाचा तुकडा या अर्थाचे ‘कँटन’ आणि पुढे सैन्याच्या वस्तीसाठी ‘कँटोन्मेंट’ हे शब्द तयार झाले, अशी या कुळाची सर्वसाधारण मांडणी आहे. पुणे, खडकी किंवा देवळालीच्या छावणीचे नाव उच्चारताना आपण डिकँटच्या दूरच्या भावंडाचाच उच्चार करत असतो. याउलट शब्द मागे घेणे या अर्थाचे ‘रिकँट’ जवळचे वाटले तरी त्याचा या कुळाशी संबंध नाही. ते गाण्याच्या ‘कांतारे’ या लॅटिन क्रियापदाकडून आले आहे.

या शब्दाचे माहेर किमयागारांची प्रयोगशाळा होती, ही गोष्ट त्याच्या अर्थावर बराच प्रकाश टाकते. तीव्र आम्लात धातू विरघळवायचा, त्यात पाणी किंवा दुसरे द्रावण मिसळायचे आणि तळाशी बसलेला अवक्षेप वेगळा करायचा, हे तिथले नित्याचे काम. अशी आम्ले कापडाची गाळणी खाऊन टाकतात आणि बारीक साका गाळणीची छिद्रे बुजवतो. भांडे कलते करण्याला मात्र साधन लागत नाही, फक्त धीर लागतो. जॉन्सन यांनी आपल्या कोशात सतराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांचे जे वाक्य उदाहरणादाखल घेतले आहे, तेही चांदीच्या अशाच द्रावणाविषयीचे आहे. त्या काळी गाळ काढून शुद्ध करण्यासाठी इंग्रजीत आणखी एक शब्द प्रचलित होता, तो म्हणजे ‘डेफिकेट’. आज त्याचा अर्थ शौचाला जाणे असा उरला आहे, तरीही साखर कारखान्यांच्या परिभाषेत चुना घालून उसाचा रस निवळवण्याला ‘डेफिकेशन’च म्हणतात. एकाच कामाच्या दोन शब्दांपैकी एकाला पुढे मेजवानीच्या मेजावर जागा मिळाली. दुसऱ्याचे काय झाले ते सांगितलेच.

मेजावर पोहोचण्याला व्यापारी कारणे होती. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यातील १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज मद्यावरील इंग्लंडमधला कर फ्रेंच मद्याच्या तुलनेत एक तृतीयांशाने कमी झाला आणि ‘पोर्ट’ हे पोर्तुगीज मद्य तिथल्या सुखवस्तू घरांतले नेहमीचे पेय बनले. बाटलीत वर्षानुवर्षे मुरणाऱ्या पोर्टमध्ये रंगद्रव्ये आणि टॅनिन हे तुरट घटक एकत्र येऊन जाड साका धरतो, त्यामुळे ते थेट पेल्यात ओतता येत नाही. त्याआधीच, १६७४ मध्ये, जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांना लंडनमध्ये नव्या स्फटिकासारख्या काचेचे पेटंट मिळाले होते, आणि शिसे घालून केलेली ही जड, झळाळती काच निवळलेल्या मद्याचा रंग दाखवण्यासाठी उत्तम ठरली. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘डिकँटर’ हे नाम रूढ झाले. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरून, साक्याची पहिली रेघ दिसताच ओतणे थांबवायचे, ही पद्धत आजही पाळली जाते. वास्तविक डिकँटर म्हणजे ओतणारा असायला हवा. प्रत्यक्षात ज्यात ओतले जाते त्या सुरईला ते नाव मिळाले.

विसाव्या शतकात या क्रियापदाने द्रवाची मर्यादाही ओलांडली. ऑल्डस हक्सली यांच्या १९३२ च्या कादंबरीत प्रयोगशाळेतली मुले जन्मत नाहीत, ती बाटलीतून ‘डिकँट’ केली जातात. ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, दुरुस्तीच्या काळात भाडेकरूंना किंवा रुग्णालयातील रुग्णांना तात्पुरते दुसरीकडे हलवण्यालाही आता हाच शब्द लावतात. ब्रिटिश संसद जिथे भरते तो लंडनचा जीर्ण वेस्टमिन्स्टर राजवाडा दुरुस्त करण्यासाठी दोन्ही सभागृहांनी तो काही काळ पूर्णपणे रिकामा करावा, अशी शिफारस संसदेच्या संयुक्त समितीने २०१६ मध्ये केली, आणि त्या प्रस्तावाची ‘फुल डिकँट’ म्हणूनच चर्चा झाली. सगळेच बाहेर पडणार असतील तर मागे राहणारा साका कोणता, असा प्रश्न शब्दाचे मूळ जाणणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही.

मूळ अर्थ मात्र भलत्याच ठिकाणी शाबूत आहे. एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर) पद्धतीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात एकाच टाकीत पाणी भरतात, त्यात हवा सोडतात आणि नंतर ती बंद करून गाळ बसू देतात. मग ‘डिकँटर’ नावाचा भाग पृष्ठभागालगतचे निवळ पाणी सावकाश बाहेर सोडू लागतो, आणि पाण्याची पातळी गाळापर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो.