बाळाचा जन्म कुठे झाला? जन्मदाखल्यासाठी येण्याआधी हे वाचा

आम्ही सरकारी कामांचे अर्ज भरून देणारे केंद्र चालवतो. जन्मदाखल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला आमचा पहिला प्रश्न एकच असतो: बाळाचा जन्म कुठे झाला? उत्तर मात्र बहुतेक वेळा येते ते गावाचे. "आमचं गाव तं हेच आहे नं, मंग इथंच काढून द्या." गाव बरोबर असते, पण आम्ही ते विचारलेलेच नसते. या एका गैरसमजापायी लोकांच्या चार-चार चकरा होतात, म्हणून हे पत्रक छापले आहे. काउंटरवरून घेऊन जा. घरात बाळंतपण जवळ आले असेल तर आवर्जून न्या.

जिथे जन्म, तिथेच नोंद

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे आणि त्याचा पायाच हा आहे की घटना ज्या हद्दीत घडली त्याच हद्दीच्या निबंधकाकडे (म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) तिची नोंद होते. आईवडील कुठले राहणारे, रेशनकार्ड कुठले, मतदारयादीत नाव कुठे, याचा नोंदीशी संबंध नाही.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत. सासर झरीचे, माहेर घाटंजीचे, आणि ऐनवेळी त्रास वाढला म्हणून बाळंतपण यवतमाळच्या खाजगी दवाखान्यात. मग नोंद कुठे? झरीला नाही, घाटंजीलाही नाही. ती यवतमाळ नगर परिषदेत. खेड्यात घरी किंवा गावातल्या दवाखान्यात जन्म झाला तर त्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी काहींमध्ये नोंद आणि दाखला दवाखान्यातल्या निबंधकाकडेच होतो. म्हणून दवाखान्यातून सुट्टी होईल त्या दिवशी तिथेच विचारा: "नोंद तुम्ही करता की नगर परिषदेला पाठवता?" त्या एका प्रश्नाने एक चक्कर वाचते.

पाटणबोरी, पांढरकवडा भागातले बरेच लोक दवाखान्यासाठी आदिलाबादला जातात. तिथे जन्मलेल्या बाळाची नोंद तेलंगणात होते आणि दाखलाही तिकडचाच निघतो, मी-सेवा केंद्रातून किंवा तिथल्या नगरपालिकेतून. तो इंग्रजीत किंवा तेलुगूत असतो म्हणून घाबरू नका, महाराष्ट्रात तो पूर्ण चालतो. तोच जन्म पुन्हा इकडे नोंदवायचा प्रयत्न मात्र करू नका. एका जन्माच्या दोन नोंदी झाल्या की पुढे कधीतरी दोन्ही अडचणीत येतात. कामासाठी बाहेर गेलेल्यांनाही हाच नियम: विटभट्टीवर जन्म झाला तर भट्टी ज्या गावच्या हद्दीत, नोंद त्या गावात. रस्त्यात, 102 किंवा 108 च्या गाडीतच बाळ जन्मले तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली त्या ठिकाणच्या निबंधकाकडे.

"माहेरच्या गावचा दाखला शाळेत चालेल का?" हे रोज विचारले जाते. चालतो. दाखल्यावर जन्मस्थळ वेगळे लिहिलेले असते आणि आईवडिलांचा कायमचा पत्ता वेगळा. पत्त्याच्या रकान्यात सासरचे गाव लिहून घेतले की झाले. शाळा, आधार, पासपोर्ट, कुणीही "दाखला आमच्याच गावचा आणा" असे म्हणत नाही.

दवाखान्यातला तो फॉर्म

नावातल्या चुकाही याच माहेरच्या बाळंतपणातून जन्मतात. दवाखान्यात नमुना 1, म्हणजे जन्माची माहिती कळवायचा फॉर्म, भरला जातो. नर्स विचारते आणि जो समोर असेल तो सांगतो. बाळाचा बाप बहुधा तिथे नसतो. असतो तो मामा, नाहीतर आजी. मामाच्या तोंडी जावयाचे नाव "गजूभाऊ". मग फॉर्मवर येते गजुभाऊ, आधारवर असते गजानन. आईचे नाव माहेरचे लागते, कारण गरोदरपणातली कार्डे माहेरच्या आशाताईंनी तशीच काढलेली असतात: सुनिता देवराव. लग्नानंतरचे आधार मात्र सुनिता गजानन. दाखला हातात येतो तेव्हा त्यातले नाव आईचेही नसते आणि बापाचेही.

उपाय अगदी साधा आहे. सातव्या महिन्यापासून दवाखान्याच्या पिशवीत आईवडिलांच्या दोघांच्याही आधारची झेरॉक्स ठेवा. फॉर्म तोंडी सांगू नका, आधार समोर ठेवून भरायला सांगा. भरून झाल्यावर सही करणाऱ्याने इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून वाचावे. पूजा, वैष्णवी, श्रावणी, राऊत, चौधरी ही नावे मराठीत एकच, पण इंग्रजीत प्रत्येकाची दोन-तीन रूपे होतात. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्या, दवाखान्यातल्या ओळखीच्या पोराचा नको.

बाळाचे नाव ठरलेले नसेल तर रकाना कोरा सोडा. हे बऱ्याच जणांना माहीत नसते. नावाशिवायही नोंद होते आणि बारा महिन्यांच्या आत निबंधकाकडे लेखी कळवून नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. घाईत राशीवरून आलेले अक्षर धरून काहीतरी लिहायचे आणि बारशाला आत्याने दुसरेच ठेवायचे, हे टाळा. एकदा नोंदलेले नाव पसंत नाही म्हणून बदलायला गेलात तर ती दुरुस्ती धरत नाहीत. दुरुस्ती चुकीची होते, आवडीनिवडीची नाही.

आणखी एक. काही खाजगी दवाखाने बाळाच्या पावलांचे ठसे असलेले छान रंगीत प्रमाणपत्र देतात. ते फ्रेम करा. पण तो जन्मदाखला नव्हे, आणि डिस्चार्ज कार्डही नव्हे. दवाखान्याने माहिती पाठवली म्हणजे नोंद झाली असेही समजू नका. दोन आठवड्यांनी निबंधकाकडे जाऊन खात्री करा.

किती दिवस, आणि उशीर झाला तर

जन्मापासून 21 दिवसांत नोंद विनाशुल्क आहे, आणि माहिती देणाऱ्याला पहिला दाखलाही फुकट मिळतो. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून निबंधकच नोंद करतो. 30 दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. इथवर फार अडचण नाही.

वर्ष उलटले की रस्ता बदलतो. आधी त्या गावच्या निबंधकाकडून नमुना 10, म्हणजे "नोंद आढळत नाही" हा दाखला घ्यायचा. मग महसूल कार्यालयात अर्ज. कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनुसार हा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. उशिराच्या नोंदींत घोळ आढळल्याने राज्यात हे काम काही काळ थांबले होते, आणि 12 मार्च 2025 च्या शासन निर्णयानंतर तपासणी कडक झाली. जाहीर प्रकटन, स्थानिक चौकशी, पोलिसांचा अभिप्राय हे सगळे होते. नुसत्या आधारवर काम होत नाही. लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचे कागद, अंगणवाडीची नोंद, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा असा जन्माच्या जवळच्या काळातला पुरावा लागतो. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात एका लहानशा गावच्या नोंदणी पोर्टलच्या लॉगिनवर हजारो बोगस जन्मनोंदी सापडल्याचे सर्वांनी वाचलेच आहे. त्यामुळे ग्रामसेवक कागद जास्त मागतात म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

पोडावर (कोलामांच्या वस्तीवर), तांड्यावर घरीच बाळंतपण झाले असेल तर कळवायची जबाबदारी घरातल्या कर्त्या माणसाची. आशाताईंना, अंगणवाडीताईंना त्याच आठवड्यात सांगा. त्यांच्या रजिस्टरमधली नोंद पुढे सोन्याच्या भावाची ठरते.

जुनी नोंद शोधताना

आजोबांच्या किंवा वडिलांच्या नोंदीसाठी येणारे बहुतेक जण जात पडताळणीच्या कामाचे असतात. विदर्भात जुन्या नोंदी कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या पुस्तकात) सापडतात आणि ती पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. त्यांत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, गाव, तारीख आणि "मुलगा झाला" किंवा "मुलगी झाली" एवढेच. म्हणून नक्कल मागताना वडिलांचे नाव आणि अंदाजे साल द्या, बाळाचे नाव देऊन काही सापडणार नाही. आणि इथेही तीच गोम: आजोबांचा जन्म त्यांच्या आईच्या माहेरी झाला असेल तर नोंद त्या गावच्या पुस्तकात. "नोंदच नाही" म्हणून परत आलेल्यांना आम्ही आधी आजीचे, पणजीचे माहेर विचारतो. बरेचदा काम तिथेच लागते. काही पुस्तकांना उधई लागली आहे, पाने गळालेली आहेत. अशा वेळी अभिलेख कक्षातून तसे लेखी घ्या, तोंडी उत्तरावर परतू नका.

दुरुस्ती आम्ही करत नाही

हे जरा स्पष्ट लिहितो, कारण यावरूनच काउंटरवर आवाज चढतात. दाखल्यातले अक्षर बदलायचा अधिकार फक्त ज्याने नोंद केली त्या निबंधकाला आहे. आमच्याकडे संगणक आहे म्हणून आम्ही "एडिट" करून देऊ शकत नाही. जो करून देतो तो बनावट दाखला देतो. नव्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो. मोबाइल धरला की खरी नोंद दिसते आणि खोटे तिथेच उघडे पडते. सरकारी वेबसाइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटही आहेत. पैसे भरण्याआधी पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" आहे का ते बघा.

खरी दुरुस्ती अशी होते. लिहिण्यातली चूक, म्हणजे काना-मात्रा किंवा स्पेलिंग, असेल तर निबंधक कागद बघून खात्री करतो आणि सुधारतो. चूक मोठी असेल, जसे लिंग, तारीख किंवा बापाचे नावच वेगळे, तर माहिती असलेल्या दोन विश्वासू माणसांचे निवेदनही लागते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात शेरा मारून सही-तारीख घालतात आणि मग सुधारित दाखला देतात. सोबत मूळ दाखला, आईवडिलांचे आधार आणि दवाखान्याचा कागद न्या. मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर घरचे आदल्या दिवसाची तारीख सांगतात. तिथे प्रसूती कक्षाचे रजिस्टर खरे धरले जाते, घरच्यांची आठवण नाही.

शाळेच्या टीसीवर 1 जून किंवा 1 जुलै आणि दाखल्यावर दुसरीच तारीख, अशी जोडी आपल्याकडे घरोघर आहे. गुरुजींनी त्या काळी प्रवेशाच्या वयात बसवायला ती तारीख लिहिली. अशा वेळी लोक दाखला बदलायला निघतात. ते उलटे आहे. जन्मदाखला खरा असेल तर शाळेची नोंद सुधारायची, आणि तीही मूल शाळेत असेपर्यंत, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. दहावीचा फॉर्म भरण्याआधी हे उरका.

प्रतिज्ञापत्रासाठी आधीच स्टॅम्प पेपर घेऊन येऊ नका. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी पाचशेचा घ्यावा लागतो, आणि बऱ्याच सरकारी दाखल्यांच्या कामाला साधे स्वयंघोषणापत्र पुरते. ज्या कार्यालयात अर्ज आहे तिथे आधी विचारा.

मग आम्ही काय करतो?

अर्ज व्यवस्थित लिहून देतो, पोर्टलवर भरतो, कागदांचा क्रम लावतो. तुमचे काम कोणत्या कार्यालयाचे आहे हे आधी सांगतो, म्हणजे भलत्या गावाचे एसटी भाडे वाचते. त्याचे पैसे नाहीत. दवाखान्यात भरायच्या नावांचे मराठी-इंग्रजी स्पेलिंग आधारवरून जुळवून एका चिठ्ठीवर छापून देतो, तेही फुकट. बाळंतपणाआधी येऊन ती चिठ्ठी नेलेली माणसे दुरुस्तीसाठी आमच्याकडे सहसा परत येत नाहीत. आमचे त्यात नुकसान आहे, पण चालेल.

सरकारी शुल्क आणि आमचे सेवाशुल्क पावतीवर वेगळे लिहिलेले असते. "सरकारी काम आहे, तुम्ही पैसे कशाचे घेता?" असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगणे: ग्रामपंचायत जवळ असेल आणि कागद बरोबर असतील तर थेट तिथे जा, आमची गरज नाही. अर्ज दिला की पोच आणि तारीख मागून घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात जन्मदाखल्याची मुदत ठरलेली आहे आणि ती टळली तर अपील करता येते.

जन्म 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतरचा असेल तर शाळा, आधार, पासपोर्ट, पुढे लायसन्स, मतदारयादी, नोकरी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे निदान दोन प्रती काढून ठेवा. दाखला लॅमिनेट करू नका. सही-शिक्का तपासता येत नाही म्हणून कार्यालये तो परत करतात. आमच्याकडे लॅमिनेशन मशीन आहे, तरी जन्मदाखल्याला आम्ही नाहीच म्हणतो. दहा रुपयांचे प्लास्टिकचे फोल्डर घ्या.

येताना आईवडिलांचे मूळ आधार, डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल सोबत आणा. आजीला पाठवणार असाल तर मोबाइलही तिच्याबरोबर पाठवा. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत गर्दी असते. दुरुस्तीचे किंवा जुन्या नोंदीचे काम असेल तर तो दिवस सोडून या.