गेटवे आणि म्युझियमचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट

एकोणिसाव्या शतकातली सरकारी मुंबई म्हणजे गॉथिक मुंबई. व्हीटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळा डौल युरोपातला. पुढे सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांनी जीपीओसाठी, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयासाठी, विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा घुमट योजला आणि वारं फिरलं. १९०४ मध्ये त्यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले जॉर्ज विटेट. स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉलचे, जन्म १८७८ चा.

गेटवेमुळे ते ओळखले जातात, पण माझ्या मते त्यांचं खरं सामर्थ्य दिसतं ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. १९०९ च्या स्पर्धेतून त्यांचा आराखडा निवडला गेला. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून इमारत उभी राहिली. वर दख्खनी घुमट, बाहेर झरोके आणि सज्जे. मधल्या दालनात नजर वर न्या: सागवानी खांबांची, कमानींची कोरीव महिरप दिसेल. ती विटेटनी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत घेऊन इथे बसवली. नुसती नक्षीची नक्कल न करता वाड्याचं अस्सल लाकूडकामच त्यांनी दालनाच्या रचनेत सामावून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. संग्रहालय खुलं व्हायला १९२२ उजाडलं.

गेटवेची कथाही अशीच रेंगाळलेली. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तिथे ही कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ ची, आराखड्याला मंजुरी १९१४ ची. मग समुद्रात भराव, पायाचं काम, आणि वर सोळाव्या शतकातल्या गुजराती शैलीची छाप असलेलं पिवळ्या बेसॉल्टचं बांधकाम. जाळ्या ग्वाल्हेरहून आल्या. उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी.

तोवर विटेट सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेले होते. फोर्टमधलं टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाऊस त्यांचंच, परळचं केईएम रुग्णालयही. आज आर्किटेक्ट मंडळींची जी राष्ट्रीय संस्था आहे, तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९२६ मध्ये, पन्नाशीही न गाठता, आमांशाने मुंबईतच त्यांचं निधन झालं. गेटवेकडे थेट नेणारा भव्य रस्ता मात्र पैशांअभावी कधी झालाच नाही. म्हणून आजही त्या कमानीकडे बाजूनेच जावं लागतं.