‘वाचतील’ की ‘मरतील’: शब्दांच्या मांडणीचा अभ्यास कुठून आला

माणूस नुसती रक्कम पाहत नाही, ती त्याच्या किती उपयोगाची हे पाहतो, असं गणितज्ञ डॅनियल बर्नुलीनं १७३८ साली मांडलं. १९४४ मध्ये गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ मॉर्गेनस्टर्न यांनी जोखमीच्या निवडीला गणिती नियमांत बसवलं. त्यात एक गोष्ट न बोलताच धरून चालली होती: पर्याय तोच असेल, तर शब्द बदलल्यानं निवड बदलत नाही.

तिला खरा तडा दिला तो काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी. त्यांचा १९७९ चा सिद्धान्त असा: माणूस एका संदर्भबिंदूपासून, म्हणजे ज्या स्थितीशी तो तुलना करतो तिथून, फायदा-तोटा मोजतो, फायदा दिसला की सहसा हातचं धरून ठेवतो, तोटा दिसला की डाव खेळतो. आणि हा बिंदू सरकवायला शब्द पुरतात, हे १९८१ च्या प्रयोगानं दाखवलं. साथीत ६०० माणसं दगावणार असा अंदाज आहे. एका गटापुढचे पर्याय: २०० नक्की वाचतील, किंवा सगळे वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि कोणीच न वाचण्याची दोन-तृतीयांश. ७२ टक्क्यांनी खात्रीचा पर्याय घेतला. दुसऱ्या गटाला तेच आकडे उलटून दिले, ‘४०० नक्की मरतील’. इथे ७८ टक्के जोखमीकडे वळले.

पुढच्याच वर्षी असाच प्रयोग फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या उपचारांबद्दल झाला: शस्त्रक्रिया निवडाल की किरणोपचार? शस्त्रक्रियेनंतर शंभरातले ९० तगतात म्हटलं, तर किरणोपचार निवडणारे १८ टक्के; १० दगावतात म्हटलं, तर ४४. अनुभवी डॉक्टरही रुग्णांइतकेच फसले.

साथीच्या प्रश्नात मात्र एक खोट आहे, आणि ती प्रयोगाचं कौतुक करताना हमखास सुटते. जोखमीच्या पर्यायात दोन्ही बाजू सांगितल्यात. खात्रीच्या पर्यायात उरलेल्या ४०० जणांबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे काहीजण ‘२०० वाचतील’ हे ‘निदान २००’ असं वाचतात. ‘आणि ४०० वाचणार नाहीत’ एवढं जोडलं की परिणाम बराच ओसरतो, कधी उरतही नाही. प्रयोग पुन्हा करताना दुसरी चूक होते ती दोन्ही रूपं एकाच माणसाला लागोपाठ देण्याची. मेख त्याच्या ध्यानात येऊ शकते. गट वेगळेच हवेत.

‘७५ टक्के चरबीविरहित’ आणि ‘२५ टक्के चरबीचं’ मांस हे उदाहरण साथीच्या प्रश्नासारख्या प्रयोगांच्या यादीत सर्रास घुसडलं जातं. त्यात जोखीम नाहीच. लेव्हिन, श्नायडर आणि गेथ या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडणीचे तीन प्रकार वेगळे केले, ते याच सरमिसळीमुळे.