वीज गेल्यावर डिस्कवर काय उरले पाहिजे? फाइल सिस्टिमच्या क्रॅश चाचण्यांची पार्श्वभूमी

फाइलच्या शेवटी फक्त एक ब्लॉक (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) जोडायचा असला, तरी साध्या फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला, तीन ठिकाणी लिहावे लागते: नवा डेटा ब्लॉक, त्या ब्लॉकचा पत्ता आणि फाइलची वाढलेली लांबी ठेवणारा आयनोड, आणि ब्लॉक वापरात गेला अशी नोंद ठेवणारा बिटमॅप. डिस्क एका वेळी एकच ब्लॉक लिहिते, आणि तिच्या सोयीच्या क्रमाने लिहिते. मध्येच वीज गेली तर या तीन लिखाणांच्या आठ शक्यता होतात. फक्त बिटमॅप पोहोचला तर एक ब्लॉक कायमचा वाया जातो. फक्त आयनोड पोहोचला तर फाइलच्या शेवटी कुणाचा तरी जुना कचरा दिसतो, आणि तोच ब्लॉक पुढे दुसऱ्या फाइललाही दिला जातो. आयनोड आणि बिटमॅप दोन्ही पोहोचले, पण डेटा राहिला, ही सगळ्यांत फसवी अवस्था. हिशेब चोख जुळतो, तपासणी पास होते आणि मजकूर मात्र चुकीचा असतो.

क्रॅश घडवून आणणे त्यामानाने सोपे आहे. क्रॅशनंतर काय उरायला हवे होते, हे ठरवणे अवघड. या चाचण्यांचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये उत्तर सरळ होते: पडू दे, मग दुरुस्त करू. त्यासाठी सत्तरच्या दशकात आधी आयचेक, डीचेक अशी सुटी अवजारे होती, त्यांची जागा एफएससीकेने घेतली. ती आधी ब्लॉक आणि आकार तपासते, मग पाथनेम, मग कुठल्याच डिरेक्टरीशी न जोडलेल्या फाइली, मग लिंकची संख्या आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. अनाथ फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये जातात. १९८३ च्या ४.२बीएसडीमधल्या फास्ट फाइल सिस्टिमने मेटाडेटा (आयनोड, बिटमॅप यांसारखी फाइलींबद्दलची माहिती) ठरावीक क्रमाने आणि थांबून थांबून लिहायचे धोरण ठेवले, म्हणजे एफएससीकेसमोर न सुटणारी गाठ येऊ नये. त्याची किंमत वेगात मोजावी लागे. शिवाय संपूर्ण डिस्क वाचावी लागत असल्याने डिस्क वाढली तशी तपासणीही लांबली.

जर्नलने हे चित्र बदलले. बदल आधी एका लॉगमध्ये लिहायचे, शेवटी कमिट ब्लॉक टाकायचा, आणि मग मूळ जागी न्यायचे. कमिट सापडला तर पुन्हा लागू करा, नाही सापडला तर सोडून द्या. झेरॉक्स पार्कमधल्या सीडर फाइल सिस्टिममध्ये १९८७ साली हे तंत्र आले. १९९० च्या दशकात जेएफएस आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिमांनी ते रुळवले, आणि लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एक्स्ट३ ही फाइल सिस्टिम नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ बरोबर दाखल झाली. तासाभराची एफएससीके काही सेकंदांवर आली.

पण जर्नल एका गृहीतावर उभे आहे. कमिट ब्लॉक डिस्कवर टेकण्याआधी बाकीचे ब्लॉक टेकलेले असले पाहिजेत. डिस्कच्या आत स्वतःचा कॅशे (तात्पुरती साठवण) असतो आणि ‘लिहिले’ असे ती त्या कॅशेच्या भरवशावर सांगते. म्हणून कमिटच्या आधी फ्लशची, म्हणजे कॅशेतले सगळे खरोखर लिहून टाकण्याची, आज्ञा द्यावी लागते. एक्स्ट३ मध्ये ही सोय, तेव्हाचे नाव बॅरिअर, मूळ कर्नलमध्ये बराच काळ बंद ठेवलेली असे, कारण ती चालू केली की वेग घसरे. तिच्या पुढच्या आवृत्तीने, एक्स्ट४ ने, ती सुरुवातीपासून चालू ठेवली. दुसरी मर्यादा वापरणाऱ्यांच्या लक्षात उशिरा आली. नेहमीच्या मांडणीत जर्नल मेटाडेटा वाचवते, तुमचा मजकूर नव्हे.

या काळातली चाचणीची अवजारे क्रॅशसाठी बनलेली नव्हतीच. एफएसएक्स हा छोटा सी प्रोग्राम १९९१ मध्ये नेक्स्ट कंपनीत लिहिला गेला आणि १९९८ मध्ये ॲपलमध्ये नव्याने बांधला गेला. तो एकच फाइल उघडतो, तिच्यावर वाचणे, लिहिणे, लांबी कमी-जास्त करणे, मेमरी मॅप करून लिहिणे अशा क्रिया यादृच्छिक क्रमाने करतो, आणि फाइलमध्ये काय असायला हवे याची प्रत मेमरीत ठेवतो. प्रत्येक वाचनाला दोन्हींची तुलना होते. एक बाइट चुकला तरी तो थांबतो आणि तिथवरच्या क्रियांची यादी छापतो. सीड (यादृच्छिक क्रम ज्यावरून निघतो तो आकडा) तोच दिला की क्रियांचा तोच क्रम पुन्हा मिळतो. बरोबर उत्तर त्याला स्वतःला माहीत असते, म्हणूनच तीस वर्षांनंतरही तो चुका पकडतो. सिलिकॉन ग्राफिक्समधून आलेला एफएसस्ट्रेस उलट स्वभावाचा आहे. अनेक प्रोसेस मिळून डिरेक्टऱ्यांत धुमाकूळ घालतात, पण निकाल तपासत नाहीत. तो फक्त ओझे टाकतो, तपासणी दुसऱ्याने करायची.

ही दोन्ही अवजारे एक्सएफएसटेस्ट्स या संचात आली. एक्सएफएसपुरता सुरू झालेला हा संच आज लिनक्सच्या जवळपास सगळ्या फाइल सिस्टिमांसाठी वापरला जातो. चालवायला दोन डिव्हाइस लागतात. टेस्ट डिव्हाइस एकदा फॉरमॅट करून तसेच ठेवायचे, म्हणजे ते वापरून जुने होत जाते. स्क्रॅच डिव्हाइस मात्र चाचण्या हव्या तेव्हा नव्याने फॉरमॅट करतात. कॉन्फिग फाइलमध्ये स्क्रॅचच्या जागी चुकीचे पार्टिशन लिहिले तर ते पुसले जाते, कुणी विचारत बसत नाही. रोजच्या बदलाला क्विक गट पुरतो. रिलीजआधी ऑटो गट चालवतात आणि त्याला कित्येक तास लागतात.

क्रॅश कसा आणायचा, यात बऱ्याच जणांची फसगत होते. व्हर्च्युअल मशीनची प्रोसेस किल केली म्हणजे वीज गेली असे नव्हे. पाहुण्या कर्नलने (व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या) खाली पाठवलेला डेटा यजमानाच्या, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनच्या, मेमरीतल्या पेज कॅशेत असतो आणि यजमान जिवंत असल्याने तो सावकाश डिस्कवर जातोच. फ्लश द्यायला विसरलेली फाइल सिस्टिम या चाचणीत सुखरूप पास होते. मॅजिक सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीने) मशीन तडकाफडकी रीबूट केले तरी तेच. कर्नलची मेमरी जाते, पण डिस्कचा वीजपुरवठा तुटत नाही, त्यामुळे तिचा कॅशे शाबूत राहतो. खरी वीज तोडायची तर रिलेने डिस्कचाच पुरवठा तोडावा लागतो, आणि रात्रभरात असे काहीशेच क्रॅश होतात. त्यातला एखादा नेमक्या वाईट क्षणी पडेल अशी आशा करायची.

म्हणून क्रॅशची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये आली. एक्सएफएसमध्ये माउंट असलेली (वापरासाठी जोडलेली) फाइल सिस्टिम जागच्या जागी बंद पाडण्याची शटडाउन आज्ञा आहे. लॉग डिस्कवर ढकलून बंद करायचे की तसेच, हेही सांगता येते, आणि दोन्ही प्रकार तपासायचे असतात. पुढे एक्स्ट४ आणि एफ२एफएसनेही ही सोय घेतली. डिव्हाइस मॅपर ही लिनक्समधली फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्यामध्ये थर घालण्याची सोय. तिचा डीएम-फ्लेकी थर ठरलेल्या क्षणापासून सगळी लिखाणे गुपचूप टाकून देतो. एक्सएफएसटेस्ट्समधली जेनेरिक/४७५ ही चाचणी एफएसस्ट्रेस चालू असताना खालची डिस्कच, फक्त एरर परत करणाऱ्या डीएम-एरर थराने बदलते, अनमाउंट करून पुन्हा माउंट करते, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा चालवते. ती एकदा पास झाली म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. कित्येक चुका शंभराव्या फेरीत निघतात.

२०१५ मध्ये लिनक्स ४.१ बरोबर आलेला डीएम-लॉग-राइट्स त्याहून उपयोगी ठरला. तो प्रत्येक लिखाण, फ्लश आणि एफयूए (कॅशेवर न थांबता थेट डिस्कवर टेकवायचे लिखाण) दुसऱ्या डिव्हाइसवर क्रमाने नोंदवतो. नंतर ती नोंद हव्या त्या टप्प्यापर्यंत पुन्हा खेळवायची, की तिथे वीज गेली असती तर डिस्क कशी दिसली असती ते हाती येते. जेनेरिक/४८२ प्रत्येक एफयूएपाशी थांबून हेच करते. इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे तपासणीआधी फाइल सिस्टिम माउंट करून जर्नल लागू होऊ द्यायचे, मग अनमाउंट करून तपासायचे. लॉगमध्ये बदल बाकी असताना तपासणी केली की खोट्या चुका दिसतात, आणि एक्सएफएसचे दुरुस्तीचे अवजार तर अशा लॉगवर कामच नाकारते. दुसरा खळगा जास्त छुपा आहे. नोंद खेळवण्याआधी डिव्हाइस पूर्ण कोरे हवे. मागच्या फेरीतले ‘भविष्यातले’ ब्लॉक तिथे राहिले असतील, तर एक्सएफएसला त्यांचा लॉग क्रमांक जर्नलपेक्षा नवा दिसतो आणि ती ते लागू करायचे सोडून देते. मग चाचणी फेल होते आणि दोष मात्र फाइल सिस्टिमचा नसतो. यासाठी या चाचण्यांत थिन प्रोव्हिजन केलेले (लागेल तेव्हाच जागा देणारे) डिव्हाइस वापरतात. डिस्कार्ड केले, म्हणजे जागा परत केली, की तिथे खात्रीने शून्ये वाचायला मिळतात.

यादृच्छिक माऱ्याऐवजी शक्यता मोजून तपासाव्यात, हा विचार विद्यापीठांतून आला. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने फिस्क हे मॉडेल चेकर (शक्य त्या अवस्था एकेक करून तपासणारे अवजार) एक्स्ट३, जेएफएस आणि रायझरएफएसवर चालवले आणि ३२ गंभीर चुका काढल्या. तिन्ही फाइल सिस्टिमांत मूळ डिरेक्टरीसुद्धा कायमची नष्ट होऊ शकेल असे प्रसंग सापडले. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधील गटाने आधी नोंदलेल्या २६ क्रॅश चुका तपासल्या, आणि त्यांच्या लक्षात आले की बहुतेक चुकांना नव्या कोऱ्या फाइल सिस्टिमवर दोन-तीन क्रियांच्या पुढे काही लागत नाही. म्हणून त्यांनी एस हे अवजार तीन क्रियांपर्यंतचे छोटे क्रम पद्धतशीर तयार करायला, आणि क्रॅशमंकी हे प्रत्येक सिंकनंतर (बाकी बदल डिस्कवर उतरवण्याच्या आज्ञेनंतर) क्रॅश घडवून तपासायला बनवले. त्या २६ पैकी २४ चुका पुन्हा पकडल्या गेल्या आणि १० नव्या निघाल्या. त्यांतल्या सात २०१४ पासून कर्नलमध्ये होत्या.

अशा चुका किती साध्या असतात याचा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिममधला एक नमुना: ‘फू’ फाइल बनवा, तिची ‘बार’ नावाने हार्ड लिंक करा (त्याच फाइलला दुसरे नाव द्या), सिंक करा. मग ‘बार’ काढून टाका, त्याच नावाची नवी फाइल बनवा, तिच्यावर एफसिंक (एकाच फाइलपुरते सिंक) करा. इथे वीज गेली की फाइल सिस्टिम माउंटच होत नसे. एफसिंक वेगवान करण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या लॉगमध्ये जुन्या ‘बार’चे काढणे आणि नव्याचे येणे नीट जुळत नव्हते. वर्षानुवर्षे चालवलेल्या एफएसस्ट्रेसच्या गदारोळात असा नेमका क्रम आणि नेमका क्रॅश एकत्र येणे दुर्मीळच.

क्रॅशमंकीला बरोबर उत्तर कसे कळते? सिंकनंतर नीट अनमाउंट केलेली प्रत ते प्रमाण मानते, आणि ज्यांच्यावर सिंक किंवा एफसिंक झाले आहे तेवढ्याच फाइली तपासते. एफसिंक न केलेल्या फाइलबद्दल पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींसाठीचे प्रमाण) जवळपास काहीच वचन देत नाही. २००९ च्या सुरुवातीला याच मुद्द्यावर वाद पेटला. एक्स्ट३ दर पाच सेकंदांनी कमिट करे आणि त्याआधी डेटा लिहून टाके, त्यामुळे तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून रिनेम करणारे प्रोग्राम एफसिंकशिवाय निभावून जात. एक्स्ट४ जागा वाटप लांबणीवर टाकते. रिनेम आधी पोहोचे, डेटा मागे राही, आणि क्रॅशनंतर शून्य लांबीच्या सेटिंग फाइली मिळत. नियमाने दोष प्रोग्रामचा होता. तरीही लिनक्स २.६.३० मध्ये, जुन्या फाइलवर रिनेम होत असेल तर डेटा आधी लिहायची सोय घालावी लागली. वचन कागदावर नसले तरी लोक ते गृहीत धरतात, आणि चाचणी लिहिणाऱ्याला यांतली एक बाजू घ्यावीच लागते.

२०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ॲलिस अवजाराने ११ ॲप्लिकेशनांत अशी ६० दुबळी ठिकाणे दाखवली. त्या यादीत डेटाबेस होते आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिटही होते. सुरक्षित क्रम माहितीचा असूनही चुकतो: तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, तिच्यावर एफसिंक, रिनेम, आणि मग डिरेक्टरीवरही एफसिंक. शेवटची पायरी हमखास विसरली जाते. एफसिंकने एरर दिली तर काय करायचे, हे तर २०१८ पर्यंत पोस्टग्रेस हा डेटाबेसही चुकीचे समजत होता. तो पुन्हा एफसिंक करे. लिनक्सने मात्र न लिहिलेले पेज आधीच स्वच्छ म्हणून नोंदलेले असे, आणि दुसरा एफसिंक यशस्वी म्हणून परते. आता तिथे डेटाबेस मुद्दाम पॅनिक करून (स्वतःला बंद पाडून) स्वतःच्या लॉगमधून सावरतो.

डिस्कही निरागस नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५.३ लाख डिस्कांवर ४१ महिन्यांत चार लाखांहून अधिक चेकसम विसंगती (चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) आढळल्या. २०१३ मध्ये १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली तेव्हा १३ मध्ये बिघाड दिसले. त्यांत अर्धवट लिखाणे होती, क्रम उलटलेली लिखाणे होती, आणि पूर्ण निकामी डिस्कही होती. एक्स्ट४ ने लिनक्स ३.५ मध्ये आणि एक्सएफएसने ३.१० मध्ये मेटाडेटाला चेकसम जोडला. डेटालाही चेकसम देणाऱ्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचा कोड २००५ मध्येच खुला झाला होता.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच झेडएफएसमध्ये कॉपी केलेल्या फाइलींत शून्यांचे पट्टे सापडले. प्रथम संशय तिच्या २.२.० आवृत्तीतल्या नव्या ब्लॉक क्लोनिंगवर (डेटा पुन्हा न लिहिता तेच ब्लॉक वापरणाऱ्या कॉपीवर) गेला. मूळ चूक त्याहून बरीच जुनी निघाली. नुकत्याच लिहिलेल्या फाइलचा बदल अजून बाकी आहे का, ही तपासणी एका अरुंद क्षणी ‘नाही’ म्हणे, आणि पोकळ जागा कुठे आहेत असे विचारणाऱ्या कॉपी प्रोग्रामला डेटाच्या जागी पोकळी सांगितली जाई. कॉपी करणारा प्रोग्राम प्रामाणिकपणे शून्ये ठेवी, झेडएफएस त्या शून्यांचा अचूक चेकसम काढी, आणि स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून चेकसम पडताळण्यात) एकही एरर येत नसे. दुरुस्ती २.२.२ आणि २.१.१४ मध्ये आली. चूक पुन्हा घडवून दाखवणाऱ्या स्क्रिप्टची कल्पना मात्र एफएसएक्सच्याच जातकुळीची होती: फाइली समांतर लिहा, लगेच कॉपी करा, आणि प्रत मूळ फाइलीशी ताडून पाहा.