लांब प्रार्थना आणि निरंतर प्रार्थना, दोन्ही एकच नाहीत

"निरंतर प्रार्थना करा" हे बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं वचन वाचलं (१ थेस्सलनीकाकर ५:१७) की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर पहिलं घड्याळ येतं. आत्ता वीस मिनिटं करतोय ती तासभर करायची, मग दोन तास, आणि नाही जमलं की मनाला खात राहायचं. मी पण कितीतरी वर्षं असंच समजत होते. सकाळी पाऊण तास प्रार्थना, अगदी मनापासून, डोळ्यात पाणी, आणि आमेन म्हणून उठले की दहाव्या मिनिटाला मुलाचा एक बूट सापडत नाही म्हणून त्याच्या अंगावर ओरडतेय, आणि ज्या प्रभूशी आत्ता बोलत होते तो थेट रात्री झोपताना आठवायचा. प्रार्थना लांब होती, खरीही होती. निरंतर नव्हती.

आता हे वचन लिहिणारा प्रेषित पौल काय करत होता ते बघा. त्याच पत्रात, २:९ ला, तो म्हणतो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. त्याचा धंदा राहुट्या बनवायचा. म्हणजे निरंतर प्रार्थना करा हे सांगणारा माणूस दिवसभर हाताने कष्ट करणारा होता, गुडघ्यावर बसायला मोकळा असलेला नव्हता. मूळ ग्रीक शब्द आहे 'अदियालेइप्तोस', म्हणजे खंड न पडता, आणि पत्राच्या सुरुवातीला त्याला थेस्सलनीकाच्या लोकांची सतत आठवण येते असं सांगतानाही त्याने हाच शब्द वापरलाय. शेजारच्या खोलीत तापाने फणफणलेलं मूल झोपलेलं असतं तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालते, फोन उचलते, सगळं करते, पण एक कान तिकडेच असतो ना, मुलाने नुसती कूस बदलली तरी तिला कळतं. ते 'निरंतर'.

हा घोळ जुना आहे बरं का. ४ थ्या शतकात मेस्सलियन नावाचा एक गट होता, नावाचा अर्थच प्रार्थना करणारे, ते म्हणायचे आम्ही फक्त प्रार्थना करणार, कामाला हात लावणार नाही. ४३१ साली इफिसला भरलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या परिषदेत त्यांची शिकवण नाकारली गेली. पण मला त्यापेक्षा इजिप्तमधल्या आब्बा लूसियस या संन्याशांनी अशा लोकांना दिलेलं उत्तर जास्त आवडतं. त्यांनी विचारलं, तुम्ही जेवता तेव्हा, झोपता तेव्हा तुमच्यासाठी कोण प्रार्थना करतं? त्यांना उत्तर देता येईना. मग लूसियस म्हणाले, मी दोर वळत बसतो आणि वळता वळता ५१ वं स्तोत्र म्हणत राहतो, दिवसभरात साधारण सोळा नाणी मिळतात, त्यातली दोन दाराबाहेर ठेवतो आणि बाकीच्यात माझं भागतं, आणि ती दोन नाणी जो नेतो तो मी जेवताना-झोपताना माझ्यासाठी प्रार्थना करतो. किती साधं आहे हे! खंड पडणार हे त्यांनी मान्यच केलं आणि तो दुसऱ्याच्या प्रार्थनेने भरून घेतला.

मग लांब प्रार्थना सोडून द्यायची का, तर अजिबात नाही, आणि इथे दुसऱ्या बाजूची चूक होते. "मी दिवसभर देवाशी बोलतच असते, वेगळं बसायची काय गरज" असं कोणी म्हटलं की मला काळजी वाटते. प्रभू येशूपेक्षा पित्याशी सतत जोडलेला कोण होता? तरी त्याने डोंगरावर जाऊन अख्खी रात्र प्रार्थनेत घालवली (लूक ६:१२).

दोन्ही एकाच माणसात बघायच्या असतील तर बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचा. तो पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमची तटबंदी पडलीय ही बातमी आली तेव्हा तो बसून रडला, उपास केला, रात्रंदिवस प्रार्थना केली, ही झाली लांब प्रार्थना. पहिल्या अध्यायात यहुदी पंचांगातला किसलेव महिना आहे आणि दुसऱ्यात निसान, म्हणजे मध्ये चारेक महिने गेले. मग एक दिवस द्राक्षारस देताना राजाने विचारलं, तुझा चेहरा उतरलेला का, तुला हवंय तरी काय? नहेम्या लिहितो, मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो... राजा समोर बसलाय, उत्तराची वाट बघतोय, डोळे मिटायची सोय नाही, जेमतेम एक श्वास घेण्याइतका वेळ. पण त्या एका श्वासामागे ते चार महिने उभे होते, म्हणून ऐन वेळी मन दुसरीकडे कुठे धावलं नाही, सवयीने देवाकडेच गेलं.

तेव्हा लांब प्रार्थनेला वेळ लागतो, दार लावून घेतलेली खोली लागते, तिला सुरुवात असते आणि आमेन असतं. निरंतर प्रार्थनेला यातलं काहीच लागत नाही, लागते ती आठवण, आणि वाक्यं अगदी छोटी, "प्रभू, दया कर", "थँक्यू प्रभू", "आता काय बोलू सांग". जुन्या काळातल्या बिशप ऑगस्टिनने प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात इजिप्तमधल्या संन्यासी बंधूंच्या अशाच प्रार्थनांबद्दल लिहिलंय, बाणासारख्या झटकन सोडलेल्या, कारण फार लांबवलं की लक्ष बोथट होतं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मी फोनपासून केली. कोणालाही कॉल लावला की समोरचा उचलेपर्यंत जी रिंग जाते तेवढ्यात त्या माणसाचं नाव प्रभूसमोर घ्यायचं, बस. ज्याच्यावर राग आहे त्याला कॉल लावते तेव्हा मला त्या तीन-चार रिंगा सगळ्यात जास्त लागतात, आणि त्याने लवकर उचललाच तर उरलेली प्रार्थना तो बोलत असतानाच होते.