मेंदूतील श्वेतद्रव्याचे विकार आणि स्मृतिभ्रंश

श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या करड्या पृष्ठभागाखाली असलेले मज्जातंतूंचे दाट जाळे. मेंदूचा जवळपास निम्मा भाग त्याने व्यापलेला असतो. तंतूंभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. पांढुरका रंग त्याचाच आणि संदेश झपाट्याने जातात तेही त्याच्यामुळे. या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब, केसासारख्या बारीक असतात आणि एक बंद पडली तर तिचे काम उचलायला शेजारीण फारशी नसते. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी या नळ्यांच्या भिंती जाड व कडक होतात, रक्त अपुरे पडते आणि मायलिन विरत जाते.

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये अशा मेंदूंचे वर्णन केले. पण जिवंत माणसात ही झीज दिसायला सीटी स्कॅन आणि एमआरआयची वाट पाहावी लागली. १९८७ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ हॅचिन्स्की व सहकाऱ्यांनी तिला ‘ल्युकोअरायोसिस’ हे नाव दिले. त्याच वर्षी फझेकास या डॉक्टरांची, स्कॅनवर या झिजेचे डाग किती पसरले ते सांगणारी ० ते ३ अशी श्रेणी आली आणि ती आजही रोज वापरात आहे. ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्किमिक चेंजेस, फझेकास ग्रेड १’ (म्हणजे बारीक धमन्यांतून रक्त अपुरे पडल्याने झालेले जुने, पण थोडे बदल) ही ओळ मुंबईतल्या कुठल्याही एमआरआय सेंटरच्या रिपोर्टात सापडेल. चक्कर आली म्हणून आजोबांचा स्कॅन काढलेला असतो, मुलगा ती ओळ मोबाइलवर शोधतो आणि घरात रात्रभर कुणाला झोप नाही. ग्रेड १ ला एवढे घाबरण्याचे खरे तर कारण नसते. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीत ६० ते ९० वयाच्या जेमतेम ५ टक्के लोकांच्या मेंदूत असा एकही डाग नव्हता. तरुणपणी अर्धशिशीच्या रुग्णांतही ठिपके दिसतात. डाग एकमेकांत मिसळून मोठे चट्टे झाले, म्हणजे ग्रेड ३, की मात्र पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश या दोहोंचा धोका निश्चित वाढतो.

इथला स्मृतिभ्रंश विसरण्यापासून सुरू होईलच असे नाही. आधी माणूस मंदावतो. आजींना ‘सकाळी काय खाल्लंत?’ विचारले तर त्या गप्प बसतात. ‘पोहे की उपमा?’ म्हटले की बरोबर ‘उपमा’ म्हणतात. आठवण जागेवर आहे, तिच्यापर्यंतची वाट तुटली आहे. अल्झायमरमध्ये असा आधार देऊनही बऱ्याचदा उपयोग होत नाही. जोडीला हिशेब आणि कामांचा क्रम चुकतो, पावले आखूड पडतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे घसटतात, लघवी आवरत नाही. दादरच्या पुलावर गर्दीत अडखळणाऱ्या माणसाला घरचे गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेतात आणि कट्ट्यावर जाणे बंद झाले तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. ही म्हण निदान लांबवायला फार उपयोगी पडते! शिवाय उतारवयात अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार एकाच मेंदूत नांदताना वारंवार आढळतात, त्यामुळे दोष कोणाच्या खात्यात किती मांडायचा हा वाद संशोधकांत चालूच आहे.

मुंबईत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. पुढे स्मृतिभ्रंशावरच्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्यांसाठी ७.४ टक्के हा अंदाज दिला. वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने या आकड्यांवरून रोग तिपटीने वाढला असे म्हणता येत नाही.

उपचाराच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा रक्तदाबाचा आहे. ‘स्प्रिंट माइंड’ या अमेरिकी चाचणीत (२०१९) वरचा दाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात सुमारे चार वर्षांत डागांचे आकारमान ०.९२ घनसेंटिमीटरने वाढले, दुसऱ्या गटात १.४५ने. सौम्य बौद्धिक ऱ्हासही कमी झाला. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. गेलेले मायलिन परत आणणारे औषध या आजारासाठी अजून नाही. दुर्मीळ आनुवंशिक प्रकार ‘कॅडासिल’मागचा नॉच३ जनुक १९९६ मध्ये सापडला. रक्तदाब किंवा मधुमेह नसताना तरुण वयात पक्षाघात, आणि घरात आईवडिलांपैकी कुणाला तसाच इतिहास असेल, तर त्याची तपासणी करतात.

रिपोर्टात डाग दिसले तरी दोन गोष्टी तपासल्याशिवाय श्वेतद्रव्याच्या स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. एक, बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी घरांत ती सर्रास असते आणि इंजेक्शनने भरून काढता येते. दुसरी, मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठणे. चाल, लघवी आणि बुद्धी या तिन्ही तक्रारी तिथेही हुबेहूब असतात. अशा रुग्णाच्या पाठीतून थोडे पाणी काढून आधी व नंतर त्याला चालायला लावतात. चाल सुधारली तर शंट, म्हणजे साठलेले पाणी वाहून नेणारी नळी, बसवण्याचा विचार होतो.