मंडळीचा आकार आणि सेवेचे फळ: एक नेहमीची गल्लत

‘यंदा तुमची मंडळी किती वाढली?’ हा आपल्या चर्चच्या समुदायाविषयीचा प्रश्न नागपुरात ख्रिस्ती पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बैठकीत, लग्नाच्या पंगतीत आणि वार्षिक सभेत सारख्याच सहजतेने विचारला जातो, आणि उत्तरादाखल एक आकडा मिळाला की विचारणाऱ्याचे समाधान होते. आकडा मोठा असेल तर सेवा यशस्वी आणि लहान असेल तर पाळकातच काही उणे, असे कोणी उघड म्हणत नाही. पण पुढच्या बोलण्याचा सूर तोच असतो. आकार आणि फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तोंडी इतक्यांदा सांगून झाले आहे की आता लिहूनच ठेवावे असे वाटते.

आकाराविषयी फार सांगायला नको. उपासनेला किती जण आले, यादीत किती कुटुंबे आहेत आणि वर्गणी किती जमली, हे कोणालाही मोजता येते. सदरमधल्या कॅथेड्रलची उंची पाहून आतल्या सेवेची उंची कोणी ठरवत नाही. आपण इमारतीला चर्च आणि माणसांना मंडळी म्हणतो, त्यामुळे निदान तेवढा घोळ मराठीत होत नाही. फळ म्हणजे काय, हेही शास्त्रात अवघड करून सांगितलेले नाही. बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ म्हणून नऊ गोष्टी दिल्या आहेत, आणि त्यांपैकी एकही डोकी मोजून कळणारी नाही.

खरी गल्लत ‘वाढ’ या शब्दापाशी होते. मंडळी मोठी झाली म्हणजे ख्रिस्ती माणसे वाढली, असे आपण गृहीत धरतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच शहरातले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्या दिवशी एक फार मोठी मंडळी अस्तित्वात आली, पण देशातील ख्रिस्ती लोकांची संख्या त्या कार्यक्रमामुळे एकानेही वाढली नाही. एकीकरण ही मोलाची गोष्ट होती. तिचे मोल मात्र आकड्यात नव्हते.

हा भेद सर्वांत नेमकेपणाने मांडला तो मंडळीच्या वाढीचा आग्रह धरणाऱ्या माणसानेच. मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोहला, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात झाला. मिशनच्या शाळा आणि दवाखाने व्यवस्थित चालू असूनही मंडळ्या जागच्या जागी का राहतात, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यांनी वाढीचे तीन प्रकार केले: सभासदांच्या घरी मुले जन्मल्याने होणारी, दुसऱ्या मंडळीतून माणसे आल्याने होणारी, आणि विश्वास नसलेल्या माणसाने विश्वास ठेवल्याने होणारी. आज त्यांचे नाव घेऊन आकडे सांगणारे लोक हे तीन प्रकार एकाच बेरजेत घालतात, याचा मला मनापासून राग येतो.

मी स्वतःही ही बेरीज केलेली आहे. मी एका मंडळीच्या पाळकीय कमिटीचा सचिव असताना एका वर्षीच्या अहवालात आम्ही चौदा नवी कुटुंबे दाखवली आणि सभेत टाळ्या झाल्या. त्यांपैकी अकरा कुटुंबे दोन चौक पलीकडच्या मंडळीत निवडणुकीवरून भांडण झाले म्हणून आमच्याकडे आली होती आणि दोन भिलाईहून बदली होऊन आली होती. उरलेले एक कुटुंब खरोखर नवे होते. त्यांची मुले शेजाऱ्यांबरोबर संडे स्कूलला येऊ लागली आणि वर्षभराने आईवडीलही मागच्या बाकावर बसू लागले. अहवालात त्यांच्यासाठी वेगळी ओळ नव्हती. पलीकडच्या मंडळीचा अहवाल त्या वर्षी कसा वाचला गेला असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की प्रेषितांच्या कृत्यांत लूकनेही एका दिवसात बाप्तिस्मा घेतलेल्या सुमारे तीन हजारांचा आकडा दिला आहे. दिला आहे खरा. पण लगेच पुढच्याच वचनात ती माणसे शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिली असेही त्याने लिहिले आहे, आणि फलकावर छापताना आपण नेमके तेच गाळतो. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार पुरुष जेवतात, दुसऱ्या दिवशी कफर्णहूमात कठीण शिक्षण ऐकून पुष्कळ शिष्य निघून जातात, आणि येशू बारा जणांना विचारतो की तुम्हीही जाणार का. आकारच माप धरले, तर ही सेवा एका दिवसात बुडाली असे म्हणावे लागेल.

मॅकगॅव्हरन यांच्याशी माझा एक मतभेद आहे. जात, भाषा किंवा वर्ग यांची सीमा न ओलांडता ख्रिस्ती होणे लोकांना सोपे जाते, म्हणून एकजिनसी मंडळ्या लवकर वाढतात, असे त्यांचे निरीक्षण होते. निरीक्षण खरे आहे, म्हणूनच ते मला टोचते. इफिसकरांस पत्रात यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्या मधली भिंत ख्रिस्ताने पाडल्याचे सांगितले आहे, आणि आपल्याकडे कमिटीच्या निवडणुकीत किंवा मुलीचे स्थळ पाहताना तीच भिंत पुन्हा उभी राहते. अशी मंडळी दुप्पट झाली, तर भिंतीची लांबी वाढली एवढेच मी म्हणेन.

याच्या उलट, लहान असणे हा सद्गुण आहे असे मानणाऱ्यांचाही मला कंटाळा आहे. ‘दोघे किंवा तिघे’ हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील वचन रिकाम्या बाकांच्या सांत्वनासाठी नाही. तो उतारा अपराध करणाऱ्या भावाला कसे परत मिळवावे याविषयी आहे. मंडळी आळसाने आणि भांडणानेही लहान राहते.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्या अठरा वर्षांच्या कामाचे माप बाप्तिस्म्यांच्या संख्येत घेतले, तर हाती थोडेच लागते. पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज निघाले, तेव्हा सेवा यशस्वी झालीच की, असे काही जण म्हणतात. मला तेही पटत नाही. सभागृहाऐवजी संस्थेचा आकार मोजला, एवढाच त्यात फरक.

मोजूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळाला एक मेंढरू हरवल्याचे कळले, कारण त्याने शंभर मोजली होती. आमच्या जुन्या, कापडी पुठ्ठ्याच्या नोंदवहीत शेवटचा रकाना ‘शेरा’ असा आहे. कोणाच्या नावापुढे ‘पुण्यास नोकरी’, कोणापुढे ‘परिचारिका, हैदराबाद’, कोणापुढे ‘निधन’ असे पेन्सिलीने लिहिलेले आढळते. एकूण संख्या सभेत वाचून दाखवतात. हा रकाना कोणी वाचत नाही, आणि त्यात एकतीस नावांपुढे काहीच लिहिलेले नाही.